आयसिसच्या अंगणातली पाण्याची तळखोली

(दृश्य : नाट्यगृहामागची गल्ली, दार, मग अंगण)

पॉम्पेई, इटलीतलं प्राचीन रोमन शहर. मोठ्या नाट्यगृहाच्या मागे, उंच भिंतींच्या आत आयसिस या मिसरी देवीचं आवार आहे. मधोमध जोत्यावर देऊळ, भोवती खांबांची ओवरी. बहुतेक लोक देवळाचा फोटो काढतात आणि परत फिरतात. आपण डावीकडे वळू. मुख्य वेदीच्या पलीकडे, आग्नेय कोपऱ्यात ही छोटीशी वास्तू उभी आहे. अभ्यासक तिला पुर्गातोरियम म्हणतात, म्हणजे शुद्धीची जागा.

(दृश्य : आतला जिना)

आतून जिना खाली उतरतो तो कमानछताच्या एका तळखोलीत. खोली पाण्यासाठी. आयसिसच्या पूजेला नाईलचं पाणी लागायचं. रोममधल्या बायका त्यासाठी थेट नाईलकाठच्या दूरच्या मेरोएपर्यंत जातील, असा टोमणा एका रोमन कवीनं मारून ठेवलाय. इटलीतल्या देवळांमध्ये साठवलेलं पाणीच नाईलचं मानलं जाई, असं बहुतेक अभ्यासक समजतात.

(दृश्य : दर्शनी भाग, जवळून)

आता ही भिंत पाहा. वरचा त्रिकोण मधोमध कमानीनं तोडलाय. जलपात्र, त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले भक्त. बाजूच्या भिंतींवर एकीकडे युद्धदेव मार्स आणि प्रेमदेवी व्हीनस, दुसरीकडे ग्रीक वीर पर्सियस आणि त्यानं सोडवलेली अँड्रोमेडा. भोवती उडते क्युपिड, म्हणजे पंखवाले बालमदन. देवी मिसरची, आणि भिंतीवर ग्रीक-रोमन कथा; त्या काळच्या पॉम्पेईत यात कुणाला वावगं वाटलं नसावं. या आकृतींत दगड कुठेच नाही. हा सगळा चुना आहे.

(दृश्य : गिलाव्याची तुटलेली कड, थर मोजता येतील इतकी जवळून)

चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. वजन जवळपास एक तृतीयांशानं घटतं, अशी नोंद रोमन स्थापत्यकार व्हित्रुव्हियस करतो. कळी पाण्यात विरवायची आणि मुरू द्यायची. घाई झाली तर काही खडे कच्चेच राहतात. ते भिंतीत गेल्यावर ओल पिऊन फुगतात आणि वरचा गिलावा टिकलीसारखा उडवतात. म्हणून चुन्यात कुदळीसारखं हत्यार मारून बघायचं. खडा लागला, तर चुना अजून मुरलेला नाही. पातं कोरडं बाहेर आलं, तर चुन्यात कस नाही. लोण्यासारखा चुना पात्याला चिकटला, की तो तयार.

खाणीतली वाळू असेल तर तीन भागांना एक भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनाला एक. या दुसऱ्या मिश्रणात विटेची चाळलेली भुकटी घातली तर ते आणखी चांगलं होतं. आपल्याकडे हौद बांधणारे गवंडी हीच भुकटी सुरखी म्हणून वापरत.

आधी खडबडीत थर, त्यावर वाळूचे तीन, मग संगमरवराच्या भुकटीचे तीन : जाड, मध्यम, बारीक. थापी मिश्रणातून स्वच्छ निघाली, की शेवटचा माल तयार झाला. हा झाला व्हित्रुव्हियसच्या ग्रंथातला नियम. पॉम्पेईच्या भिंतींवर साधारणपणे दोन-तीनच थर निघतात. खर्च आणि वेळ, दोन्ही वाचवलेले.

आकृती करायच्या तर वरचा थर ओला असतानाच. रेघ ओरखडून जागा आखायची, त्यावर चुना चढवायचा, हातानं आणि छोट्या पात्यानं घडवायचं. थर सुकल्यावर वर चढवलेला भाग धरत नाही. काही वर्षांनी तो अख्खा सुटतो आणि भिंतीवर नुसती आखणी उरते.

(दृश्य : देवळाच्या दारावरचा लेख)

एवढं काम निघालं कशामुळे? सन 62 मध्ये भूकंपानं जुनं देऊळ पडलं. ते पायापासून पुन्हा बांधून देण्याचा खर्च नुमेरियस पोपिडियस सेल्सिनस यानं केला, असं लेख सांगतो. त्याचं वय सहा वर्षं. तेही लेखातच कोरलंय. या औदार्यासाठी नगरसभेनं त्याला फी न घेता सभासद केलं. वडील अ‍ॅम्प्लिएटस मुक्त झालेले गुलाम होते. त्यांना स्वतःला ही जागा मिळणं शक्य नव्हतं. (दारावरची ही प्रत. मूळ लेख नेपल्सच्या संग्रहालयात.)

सन 79. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, आणि पॉम्पेई राखेखाली.

(दृश्य : ओवरीच्या उघड्या भिंती)

1764 मध्ये नेपल्सच्या बूर्बों राजांच्या माणसांनी हे आवार खणायला घेतलं. त्यांनी भिंतींवरची चित्रं कापून काढली आणि राजवाड्याच्या संग्रहात नेली. आज तीही नेपल्समध्येच आहेत. हा कोपरा मात्र जागच्या जागी राहिला. उठावाचं काम कापताना तुटण्याची भीती असते, रंगवलेल्या सपाट गिलाव्यासारखं ते चौकटीत बसत नाही. त्यामुळे पॉम्पेईतल्या एका छोट्या वास्तूची सजावट तिच्याच भिंतीवर, ज्या उजेडासाठी ती केली त्याच उजेडात बघता येते. आमच्या मते संग्रहालयातल्या दहा तुकड्यांपेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

(दृश्य : बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक, आवाज ठेवावा)

पण उघडी भिंत पाऊस पिते. पाण्याबरोबर क्षार वर चढतात आणि सुकताना पृष्ठभागाच्या आत स्फटिक होतात. ते वाढले की पोपडे सुटतात. गिलावा पोकळ वाजतो, तिथे तो आतून सुटलेला असतो. विसाव्या शतकात पॉम्पेईत अनेक दुरुस्त्या सिमेंटनं झाल्या, आणि त्यांनी हे दुखणं वाढवलं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, शिवाय स्वतःचे क्षार भिंतीत सोडतं.

आता पोकळी भरताना आधी आतली धूळ काढतात, आतली बाजू किंचित ओली करतात, मग चुन्याचं पातळ मिश्रण सुईनं खालून वर भरत नेतात. वरून भरलं तर हवा अडकते. भरताना बाहेरून हलका टेकू लागतो, कारण ओल्या मिश्रणाच्या वजनानं सुटलेला गिलावा पुढे ढकलला जातो. तुटलेल्या कडा चुन्यानंच बांधतात. हा चुना मुद्दाम मूळ गिलाव्यापेक्षा कमजोर ठेवतात. तडा गेलाच तर नव्या भागात जावा म्हणून.