घरासाठी झालेला जल्लाद

मित्रहो, आज ज्या सिनेमाविषयी बोलायचं आहे तो १९६३ सालचा, स्पेनमधला, काळापांढरा. नाव 'एल बेर्दुगो', म्हणजे जल्लाद. स्पॅनिश सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे बुन्युएलचं नाव येतं. या सिनेमाचा दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. मलाही तो फार उशिरा भेटला. सिनेमा संपला आणि त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे माद्रिद नव्हतं, इथलं भुसावळचं आमचं रेल्वे क्वार्टर होतं.

होसे लुइस हा अंत्यविधीचं सामान आणि शवपेट्या पुरवणाऱ्या दुकानातला तरुण नोकर. भावाच्या घरात दाटीवाटीने राहतो, वहिनीचं बोलणं खातो. जर्मनीला जाऊन मेकॅनिक व्हायचं हे त्याचं स्वप्न. तुरुंगातून एक प्रेत उचलायला गेला असताना तिथे त्याला आमादेओ भेटतो, म्हातारा, लाघवी, बोलका. हा सरकारी जल्लाद. परतताना तो याच्याच गाडीतून येतो आणि उतरताना आपली बॅग तिथेच विसरतो. ती परत द्यायला होसे लुइस त्याच्या घरी जातो आणि मुलगी दिसते, कार्मेन. जल्लादाची पोर म्हणून तिला कुणी करत नाही. मढी उचलणारा म्हणून याला कुणी मुलगी देत नाही. दोघांचं जुळतं. तिला दिवस जातात, लग्न लागतं.

त्या बॅगेत काय असतं? स्पेनमध्ये तेव्हा मृत्युदंड दोराने देत नसत. माणसाला खुर्चीत बसवून गळ्याभोवती लोखंडी कडं घालायचं आणि मागून स्क्रू पिळायचा. त्याला 'गारोते' म्हणत. ते लोखंड बॅगेत. म्हातारा त्याच्याविषयी असं बोलतो, जसा एखादा सुतार आपल्या रंध्याविषयी बोलेल.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमादेओला सरकारी नोकर म्हणून नवा फ्लॅट मंजूर झालाय. पण तो निवृत्त होणार, मग फ्लॅट जाणार. उपाय एकच, जावयाने ती नोकरी घ्यायची. सगळे त्याला समजावतात. अर्ज तर कर. फाशीची वेळ येतेच कुठे? आली तर राजीनामा दे. पगार मात्र दर महिन्याला.

इथे बसलेल्यांपैकी किती घरांत हे बोलणं झालं असेल! माझे वडील रेल्वेत गँगमन होते, रूळांची देखभाल करणारे. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं आमच्या घरात एकच विषय होता, क्वार्टरचं काय. २००४ साली रेल्वेने गँगमन आणि इंजिन चालकांसाठी योजना आणली, वडिलांनी लवकर निवृत्ती घ्यायची आणि मुलाला नोकरीत लावायचं. माझा थोरला भाऊ चित्रं काढायचा. वडील एवढंच म्हणाले, "करणं पडतं, बाळा." भाऊ लागला. उन्हाळ्यात रूळ तापून निघतात तेव्हा त्यावर चालणारा तो माणूस आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याने सही केली त्या दिवशी काम काय आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. खोल्या किती, नळाला पाणी कधी येतं, एवढंच विचारलं. सिनेमातही तेच होतं. इमारत अजून अर्धवट आहे, भिंती उघड्या आहेत, आणि ही माणसं कुठली खोली कुणाची हे ठरवत फिरतात.

म्हणून मला हा सिनेमा फक्त फाशीविरुद्धचा वाटत नाही. होसे लुइस दुष्ट नाही. प्रत्येक पायरीवर तो जे करतो ते शहाणपणाचंच दिसतं. पाहताना हसू येतं, कारण सगळे त्याच्याशी प्रेमाने वागतात. त्याच्या लग्नाचा प्रसंग बघा. आधी श्रीमंताचं लग्न झालेलं, त्याची सजावट अजून तशीच. यांचे विधी चालू असतानाच सेवक गालिचे गुंडाळतात, मेणबत्त्या विझवतात. गरिबाचा अपमान कुणीही आवाज न चढवता करतो.

मग मायोर्का बेटावरून मृत्युदंड द्यायला बोलावणं येतं. सगळं कुटुंब सहल म्हणून जातं. गुहेतल्या तळ्यावर नवरा-बायको संगीत ऐकत बसलेत आणि अंधारातून पोलिसांची होडी येते, भोंग्यावरून त्याचं नाव पुकारत.

१९५९ साली व्हॅलेन्सियात एका स्त्रीला मृत्युदंड दिला गेला, तेव्हा जल्लादालाच ओढत न्यावं लागलं होतं. बेर्लांगाने ही हकीकत एका वकिलाकडून ऐकली. सिनेमा त्यातून जन्मला. राफाएल अस्कोनाबरोबर त्याने पटकथा लिहिली. सिनेमाच्या शेवटी एक मोठी, पांढरी, रिकामी खोली आहे. कॅमेरा लांब उभा. एक घोळका कैद्याला घेऊन दाराकडे चाललाय. त्याच्यामागे दुसरा घोळका जल्लादाला ओढतोय. त्याचे पाय घसरतात, टोपी पडते. आपल्याला कुणाचाही चेहरा नीट दिसत नाही.

हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात हे चित्रित झालं. सेन्सॉरने कात्री लावली. ऑगस्ट १९६३ मध्ये माद्रिदमध्ये दोन अराजकवाद्यांना गारोतेने मारलं होतं, आणि काही आठवड्यांतच सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. इटलीतला स्पॅनिश राजदूत संतापला, त्याने परराष्ट्रमंत्र्याला पत्र लिहिलं. समीक्षकांनी मात्र बक्षीस दिलं. गारोते स्पेनमध्ये १९७४पर्यंत चालला. आपल्याकडे मृत्युदंड अजून आहे. त्याविषयी वाद घालायला आपल्याला नंतर वेळ आहे.

दिवे मालवायच्या आधी एकच विनंती करतो. सुरुवातीच्या दृश्यात तुरुंगाचा पहारेकरी जेवायला बसलेला आहे आणि म्हातारा आपली बॅग त्याच्या टेबलावर ठेवतो. त्या वेळी पहारेकऱ्याचा चेहरा नीट पाहा.