अजून काय घेता?

(दृश्य : इंदूर, रामबाग. सकाळचे सव्वाआठ. ओसरीवर बाकडं, बाकड्यावर सात-आठ माणसं. समोरच्या गाडीवर पोह्यांची वाफ.)

आधी टेबलावर जुना पेपर अंथरायचा, मग पेशंटनं त्यावर पिशवी उपडी करायची. या घरात कॅन्सरच्या पेशंटची तपासणी अशीच सुरू होते. नाडी, रिपोर्ट, स्कॅनची फिल्म, सगळं त्यानंतर.

देवासकडून आलेल्या एका आजोबांच्या पिशवीतून आज निघालं ते असं : गुळवेलीच्या काढ्याची अर्धी बाटली. गोमूत्र अर्क. बिनलेबलच्या काळ्या गोळ्या, मूठभर. जर्दाळूच्या बियांच्या गरांचा पुडा. हळदीच्या महागड्या कॅप्सुली. आणि तळाशी, चुरगळलेलं, केमोच्या तारखांचं कार्ड.

डॉक्टरकाका रागावत नाहीत. एकेक वस्तू उचलतात, वास घेतात, रांगेत मांडून ठेवतात. मग मान वर न करता माळवीत विचारतात, ‘और कई लई रिया हो, बा?’ अजून काय काय चालू आहे?

आजोबा मुलाकडे बघतात. मुलगा छताच्या पंख्याकडे.

(दृश्य : खोली. भिंतीशी औषधांचं जुनं सागवानी कपाट, बरण्या रिकाम्या.)

काकांचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. ती त्यांची अट. नाव आलं की लोक चमत्काराला येतील, म्हणाले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. शिक्षण इथल्याच मेडिकल कॉलेजात, मग रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचे उपचार. कपाट मात्र वडिलांचं. नाना वैद्य होते, होळकरशाही पाहिलेले. त्यांची औषधांची वही मोडीत आहे आणि काकांना मोडी वाचता येत नाही. एक शब्द तेवढा नानांनी त्यांना लहानपणी बोट ठेवून वाचून दाखवला होता : असाध्य.

सुश्रुतानं अर्बुदांचे, म्हणजे गाठींचे, प्रकार सांगितले, त्यात रक्तार्बुद आणि मांसार्बुद असाध्य म्हणून मोकळा झाला. जे साध्य, ते कापा, डागा, पण थोडंही मागे ठेवू नका, उरलं तर पुन्हा उठतं, हेही त्याचंच. नाना अशा रोग्याला परत पाठवायचे, पैसे न घेता. आज त्याच आयुर्वेदाच्या नावानं भिंतीभिंतीवर ‘कॅन्सर की पक्की दवा’ रंगवलेलं असतं. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. भिंतींना कोण सांगणार!

आता काकांच्या आयुष्यातला तो भाग, जो आम्ही विचारलाच नव्हता.

ऐंशीच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली. किरण देणाऱ्या कोबाल्टच्या मशीनखाली भाजलेले गळे, घास गिळता न येणारी माणसं, हे रोज बघून जीव विटला होता. तेव्हा हाती लागला माक्स गेर्सन. १८८१ मध्ये जन्मलेला जर्मन डॉक्टर, पुढे अमेरिकेत गेला. कच्च्या भाज्याफळांचा रस दिवसातून अनेकदा, मीठ बंद, कॉफीचा एनिमा. शरीर शुद्ध झालं की गाठ आपोआप जाते, असा त्याचा सिद्धान्त. काकांनी दोन वर्षं याच ओसरीवर गाजराची पोती उतरवली. काकू म्हणतात, घराचा हौद नारिंगी झाला होता.

एक शिक्षिका यायच्या. स्तनात सुपारीएवढी गाठ, ऑपरेशनची तारीख मिळालेली. थांबू का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, तीन महिने रस घेऊन बघू. बाई स्वच्छतेच्या पक्क्या, रस प्यायला स्वतःचा स्टीलचा पेला आणायच्या, त्यावर नाव घातलेलं. तीन महिन्यांनी काखेत गाठी लागल्या, पुढच्या वर्षी मणक्यात. पेला इथेच राहिला.

(दृश्य : टेबलावरचा पेला. त्यात पेनं, एक थर्मामीटर. नावाची बाजू भिंतीकडे.)

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच गोष्टीचं गणित मांडलं. दूरवर न पसरलेला कॅन्सर असताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार निवडणारे २८१ रुग्ण त्यांनी तपासले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. काकांनी तो शोधनिबंध छापून घेतला, वाचला आणि फाइलला लावला. आम्हाला दाखवताना पानं उलटली, बोलले काही नाहीत.

गेर्सन सुटला. पण ते कोबाल्टकडेही नुसते परत गेले नाहीत. तीस-पस्तीस वर्षं केलं काय, तर ‘ऐवजी’ हा शब्द काढून तिथे ‘सोबत’ बसवला. आणि सोबत कायकाय चालेल, याची फार कडक चाळणी लावली.

झाडपाल्यावर त्यांचा राग नाही, हे आधी सांगायला हवं. अंगणात सदाफुली आहे. मधुमेहाचा घरगुती उपाय म्हणून तिची पानं कॅनडातले संशोधक नोबल आणि बिअर यांच्याकडे पोचली. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन; आज मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, ते रोजच्या वापरातलं. सेंधव्याचा घाट उतरून खानदेशात शिरलात की पुढे नंदुरबार. तिथे जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाची रचना उलगडली. त्याआधी, १९६६ मध्ये, कॅम्पटोथेसिनची; तेही गाठींवर चालणारं झाडातलंच द्रव्य. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे.

हे ऐकून कोणी सदाफुलीची पानं उकळून प्यायला निघतो. काका त्याला अंगणात नेतात आणि सांगतात, शेकडो किलो वाळली पानं लागतात तेव्हा ग्रॅमभर औषध निघतं, तेही थेंबाथेंबानं शिरेतूनच द्यायचं. कपभर काढ्यात किती आलं हे देवालाही मोजता येणार नाही.

आजोबांच्या पुड्याकडे परत येऊ. जर्दाळूच्या बियांमध्ये अमिग्डालिन असतं. पोटात गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लेट्राइल या नावानं त्याचं केवढं पेव फुटलं होतं! शेवटी १७८ रुग्णांना देऊन बघितलं, १९८२ मध्ये निकाल आला : बरं कोणी झालं नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याजवळ पोचलं. काकांनी पेपरवर लाल रेघ ओढलीय : अलीकडे चालेल ते, पलीकडे बंद. पुडा पलीकडे सरकतो. काळ्या गोळ्याही. काकांना संशय आहे त्यात स्टेरॉइड असावं, कारण भूक लागते, चेहरा सुजतो आणि घरच्यांना वाटतं गुण आला. काढा बंद, निदान केमो संपेपर्यंत. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. काका त्या वादात पडत नाहीत. केमोचा भार यकृतावर आधीच असताना दुसरा भार नको, एवढंच. हळद? वरणात घाला, खुशाल.

मग रेघेच्या अलीकडे काय उरतं? ऐकायला अगदीच साधं. मळमळीला आलं. थकव्याला झोपून राहणं नाही, रोज चालणं आणि झेपतील तेवढी आसनं. गुटखा-सुपारीनं तोंड दोन बोटांपुरतंच उघडणाऱ्यांसाठी जबड्याचे व्यायाम, मीठ-सोड्याच्या गुळण्या, आसट खिचडी, त्यावर तूप. काकू ती खिचडी करून दाखवतात, नातेवाइकांकडून करवूनही घेतात. कृती लिहून दिली की कुकरच्या शिट्ट्या चुकतात, हा त्यांचा अनुभव.

(दृश्य : हातात मॉर्फिनच्या गोळ्यांचं पाकीट.)

आणि दुखणं. यावर काका चढ्या आवाजात बोलतात. आपण माळव्यात राहतो. मंदसौर-नीमचच्या शेतात अफूची बोंडं चिरली जातात, नीमचला सरकारी कारखान्यात तिच्यातून अल्कलॉइडं, म्हणजे मॉर्फिनसारखी वेदना शमवणारी द्रव्यं, काढली जातात. आणि तिथून काही तासांवर माणूस रात्रभर भिंतीवर डोकं आपटत मरत होता, कारण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला एवढे परवाने लागत की बहुतेक दवाखान्यांनी तो नादच सोडला. कायदा २०१४ मध्ये सैल झाला. भीती अजून सैल झालेली नाही. आजही मुलगा विचारतो, बाबांना सवय लागेल का?

आजोबांचं कार्ड काकांनी हातानं सरळ केलंय. पुढची तारीख परवाची. चुकवायची नाही, असं माळवीत तीनदा सांगून झालंय. राहिलेल्या वस्तू पिशवीत गेल्या, पेल्यातलं पेन घेऊन मुलाला कागदावर यादी करून दिली.

आजोबा उंबऱ्यापर्यंत जातात. थांबतात. बंडीच्या आतल्या खिशात हात घालून कागदाची एक छोटी पुडी काढतात आणि परत येऊन पेपरवर ठेवतात.