नागपूर ते गुवाहाटी : शिवसेनेतील बंडांची वाट

(रात्रीचे दृश्य. ‘वर्षा’ बंगल्याचे फाटक, गाड्यांचे दिवे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे.)

२२ जून २०२२ च्या रात्री मलबार हिलवरील मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानातून सामानाच्या बॅगा बाहेर येऊ लागल्या, तेव्हा उद्धव ठाकरे अजून मुख्यमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिलेला नव्हता आणि विधानसभेत त्यांच्याविरुद्ध मतदानही झालेले नव्हते. तरीही गाडी ‘वर्षा’च्या फाटकातून निघाली आणि वांद्र्याच्या ‘मातोश्री’कडे वळली. वाटेत शिवसैनिक गाडीवर फुलांच्या पाकळ्या उधळत होते आणि घोषणा देत होते. या गर्दीतले चेहरे नीट पाहावेत. यातील बहुतेकांना त्या घटकेला आपला आमदार कोणत्या गावी आहे, हेही ठाऊक नव्हते.

(विमानतळाबाहेरील बस, त्यानंतर गुवाहाटीतील हॉटेलचे बाह्यदृश्य.)

त्यांचे आमदार आसाममध्ये होते. त्याच दिवशी पहाटे सुरतेहून आलेल्या विमानातून उतरल्यावर एकनाथ शिंदे यांनी पत्रकारांना सांगितले, की आपल्याबरोबर चाळीस आमदार आहेत. शिवसेनेने २०१९ मध्ये ५६ जागा जिंकल्या होत्या आणि एका सदस्याच्या निधनानंतर हे बळ ५५ वर आले होते. पंचावन्नाचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. पुढचे आठ दिवस महाराष्ट्रातील प्रत्येक वृत्तवाहिनी हाच आकडा मोजत राहिली. पण ३७ का, अठरा का नाही, अठ्ठावीस का नाही, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एकतीस वर्षे मागे, नागपूरला जावे लागते.

(नागपूर विधानभवन. जुनी कृष्णधवल छायाचित्रे.)

डिसेंबर १९९१. हिवाळी अधिवेशन चालू होते. १९९० च्या निवडणुकीत शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते आणि विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांच्याकडे गेले होते. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकण्यापासून सुरुवात करून मुंबईच्या महापौरपदापर्यंत पोहोचलेले, माझगावचे आमदार छगन भुजबळ नाराज होते. नाराजीला पदाची बाजू होती आणि मंडल आयोगाच्या प्रश्नावर बाळासाहेब ठाकरे यांनी घेतलेल्या भूमिकेचीही होती. भुजबळांनी विधानसभेचे अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांच्याकडे पत्र दिले आणि त्यावर अठरा आमदारांच्या सह्या होत्या.

अठरा हा आकडा योगायोगाने आलेला नव्हता. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडणाऱ्या किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडणाऱ्या सदस्याचे पद जाईल, असा नियम त्याने केला. मात्र विधिमंडळ पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांनी फूट पाडली, तर त्यांना संरक्षण मिळेल, अशी सोयही त्यात ठेवली. बावन्नाचे एक तृतीयांश काढले, की अठरा सह्या लागतात. त्यातले काही आमदार लगेच शिवसेनेत परतले आणि भुजबळ काँग्रेसमध्ये गेले. १९९५ च्या निवडणुकीत माझगावमध्ये बाळा नांदगावकर यांनी त्यांचा पराभव केला. बाळासाहेब हयात असताना त्यांच्याविरुद्ध गेलेल्या माणसाचे काय होते, हे दाखवण्यासाठी हा पराभव पुढे कित्येक वर्षे सांगितला गेला.

(मालवण. पोटनिवडणुकीच्या काळातील सभेची दृश्ये.)

दुसरे मोठे बंड २००५ मधले. तोपर्यंत पक्षाचे आणि कायद्याचेही चित्र बदललेले होते. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले आणि त्यांच्या नावाचा प्रस्ताव राज ठाकरे यांनी मांडला होता. त्याच वर्षीच्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची फूट दहाव्या परिशिष्टातून काढून टाकली. उरली ती फक्त विलीनीकरणाची वाट, आणि तिच्यासाठी दोन तृतीयांश सदस्य हवेत. म्हणून माजी मुख्यमंत्री नारायण राणे यांची जुलै २००५ मध्ये हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांच्यामागे जाऊ इच्छिणाऱ्या आमदारांना वेगळा गट करता येईना. राणे यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या काही आमदारांनी राजीनामे दिले आणि ते पोटनिवडणुकांना सामोरे गेले. मालवणची ती निवडणूक राणे यांनी जिंकली. बंडखोराने मतदारासमोर परत उभे राहून उत्तर मागितले, अशी ही वेळ होती आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत सरळ मार्ग होता.

राज ठाकरे त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडले. मार्च २००६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली. त्यांनी शिवसेनेच्या नावावर किंवा चिन्हावर हक्क सांगितला नाही.

(पुन्हा जून २०२२. विधानभवन, मुंबई.)

आता ३७ या आकड्याचा अर्थ लागतो, पण निम्माच. दोन तृतीयांशाचे संरक्षण दुसऱ्या पक्षात विलीन होणाऱ्यांना मिळते. गुवाहाटीतील आमदारांना कोणत्याच पक्षात विलीन व्हायचे नव्हते. बंडाची चाहूल १० जूनच्या राज्यसभा निवडणुकीत लागली होती, कारण तेथे शिवसेनेचे दुसरे उमेदवार पराभूत झाले. २० जूनच्या विधान परिषद निवडणुकीत मित्रपक्ष काँग्रेसचा एक उमेदवार पडला आणि भाजपचा पाचवा निवडून आला. त्याच रात्री गाड्या सुरतेच्या दिशेने निघाल्या. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील वाटेत उतरून काही अंतर पायी, काही दुचाकीवर आणि काही ट्रकमधून मुंबईला कसे परतले, हे त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितले आहे.

२१ जूनला शिवसेनेने शिंदे यांना गटनेतेपदावरून दूर करून अजय चौधरी यांची नेमणूक केली. त्याला उत्तर म्हणून ३४ आमदारांच्या सह्यांचा ठराव आला. शिंदेच गटनेते आहेत आणि सुनील प्रभू यांच्याऐवजी भरत गोगावले मुख्य प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारे, आहेत, असे त्यात म्हटले होते. हा ठराव या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. भुजबळांच्या पत्राने वेगळा गट मागितला होता आणि राणेंच्या सहकाऱ्यांनी राजीनामे लिहिले होते. या ठरावाने मात्र वेगळे काहीच मागितले नाही. आम्ही पक्ष सोडलेला नाही, पक्ष आम्हीच आहोत, असा त्याचा अर्थ होता.

(गुवाहाटीतील हॉटेलसमोरची हिरवी टेकडी.)

सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे ‘काय झाडी, काय डोंगार’ हे फोनवरचे बोलणे त्या आठवड्यात घरोघरी पोहोचले. राज्य ते ऐकत असताना दुसरीकडे विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या होत्या आणि खुद्द झिरवाळ यांच्याच विरोधात अविश्वासाची नोटीस आली होती. स्वतःला हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशच्या प्रकरणात म्हटले होते. २७ जूनला न्यायालयाने सोळा आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली आणि त्या पंधरवड्यात सरकार बदलले. २८ च्या रात्री राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणीचा आदेश काढला, २९ च्या रात्री न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली आणि काही मिनिटांतच उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. ३० जूनच्या संध्याकाळी राजभवनात शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मते पडली.

(५ ऑक्टोबर २०२२. शिवाजी पार्क आणि वांद्रे-कुर्ला संकुल, एकाच वेळी.)

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी दोन मैदाने भरली. एकीकडे उच्च न्यायालयाच्या परवानगीने मिळालेले शिवाजी पार्क, जेथे १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला मेळावा झाला होता. दुसरीकडे वांद्रे-कुर्ला संकुल. दोन्हीकडे भगवे झेंडे आहेत आणि दोन्हीकडे बाळासाहेबांचे चित्र आहे. तीन दिवसांनी निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला.

१७ फेब्रुवारी २०२३ चा आयोगाचा निर्णय चिन्हासाठी लक्षात राहिला. आमचे लक्ष मात्र त्यातील दुसऱ्या भागाकडे आहे. पक्ष कोणाचा, हे ठरवताना संघटनेतील बहुमत पाहायचे असते. पण आयोगाने सांगितले, की शिवसेनेच्या २०१८ मधील सुधारित पक्षघटनेची प्रत आमच्याकडे आलेलीच नाही, तिने एकाच व्यक्तीकडे नेमणुकांचे व्यापक अधिकार दिले आहेत आणि निवडणुकीविना नेमलेल्या पदाधिकाऱ्यांच्या संख्येवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून शेवटी आमदार-खासदारांची संख्याच मोजली गेली. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही १० जानेवारी २०२४ रोजी १९९९ ची पक्षघटना ग्राह्य धरली आणि त्या घटनेनुसार पक्षप्रमुखाला एकट्याने शिंदे यांना काढता येत नाही, असे म्हटले.

(दादरच्या शिवसेना भवनापासून एका शाखेपर्यंतचा रस्ता. शाखेत शिरणारी माणसे.)

गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, ही शिवसेनेची खरी रचना. नळाला पाणी न आल्याची, दाखला अडल्याची, रुग्णालयात खाट न मिळाल्याची तक्रार घेऊन माणूस आधी या खोलीत येतो. पक्षाचा प्रमुख निवडण्यात या खोलीतल्या कार्यकर्त्याचा खरोखरीचा, मोजता येईल असा वाटा असता, तर जून २०२२ मध्ये शिंदे यांना त्यांच्यापुढे उभे राहून मते मागावी लागली असती आणि ठाकरे यांनाही त्यांच्याच मतांचा आधार घेता आला असता. तसे मतदान कोणत्याही बाजूने मागितले नाही. सुरतेला जाण्यापूर्वी या माणसांना कोणी विचारले नाही आणि ‘वर्षा’ सोडण्यापूर्वीही नाही. आम्ही हा चित्रपट केला तो एवढे नोंदवण्यासाठी.

राज्यपालांचा आदेश आणि गोगावले यांच्या नेमणुकीला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता, दोन्ही चूक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. परंतु ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता आले नाही. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसही याच वाटेने फुटली. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि ठाकरे यांच्या पक्षाला २० जागा मिळाल्या.

(शाखेची खोली. संध्याकाळ. कॅमेरा स्थिर.)

खुर्चीवर बसलेले हे गृहस्थ शाखेची वही उघडून आज आलेल्या तक्रारी लिहून घेत आहेत.