औषध पोचत नाही तिथं

(दृश्य: वॉर्डातलं औषधांचं टेबल. सिस्टरच्या हातात लहानशी वायल.)

या बाटलीत पिवळसर पावडर आहे, फक्त 50 मिलिग्रॅम. सिस्टर तिच्यात 12 मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडतात आणि चांगलं अर्धा मिनिट जोरात हलवतात. सलाईन चुकूनही नाही. मिठाच्या पाण्यात या औषधाचा साका होतो. मग बारीक गाळणीतून ते पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत जातं. इथं हमखास एक प्रश्न येतो.

"अहो सिस्टर, यांना शुगर आहे आणि तुम्ही ग्लुकोज लावताय?"

"इन्सुलिन चालू आहे ना मावशी. दर थोड्या वेळानं तपासतोय आम्ही."

औषध आहे लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. आजार म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी'. किलोमागे 5 मिलिग्रॅमचा हिशेब धरला, तर साठ किलोच्या माणसाला रोज अशा सहा वायल. त्याही आठवडेच्या आठवडे.

(दृश्य: मे 2021. वर्तमानपत्रांचे मथळे, मेडिकलपुढच्या रांगा.)

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा आजार घराघरांत माहीत झाला. 20 मे 2021 रोजी केंद्रानं राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला, म्हणजे प्रत्येक रुग्णाची नोंद कळवायला सांगितलं. गुजरात आणि महाराष्ट्रात रुग्णांची संख्या मोठी होती. कांद्यावरची काजळी, फ्रिजच्या रबरावरची बुरशी, असं काहीबाही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. कांद्यावरची बुरशी वेगळ्याच जातीची. तिचा इथं संबंध नव्हता.

म्युकर, म्हणजे या आजाराची बुरशी. तिचे कण मातीत, खतात, शिळ्या पावावर असतात. आपण ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. पण मधुमेह हाताबाहेर गेला आणि रक्तात आम्ल वाढलं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि म्युकरला वाढायला लोहच लागतं. त्यात स्टेरॉइडचा भर पडला की शुगर आणखी चढते, पांढऱ्या पेशीही मंदावतात. कोविडात स्टेरॉइडनं अनेकांचा जीव वाचवला, हेही खरंच. पण गरज नसताना, जास्त दिवस आणि शुगर न बघता ते दिलं गेलं, तिथं म्युकरला रान मोकळं झालं. ब्लड कॅन्सरच्या आणि किडनी बदललेल्या रुग्णांच्या वॉर्डात हा आजार कोविडच्या आधीपासून ओळखीचा आहे.

(दृश्य: मायक्रोस्कोपखालची काच.)

नाकात दुर्बीण घालून काढलेला तुकडा पोटॅशच्या द्रावणात ठेवला, की पेशी विरघळतात आणि बुरशी उरते. रुंद, फितीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नसलेले धागे. फांद्या बऱ्याचदा काटकोनात फुटलेल्या. हे काही वेळातच दिसतं, आणि इथं तासांना किंमत आहे. गाल बधिर, एका बाजूची नाकपुडी बंद, डोळा सुजलेला, वरचे दात हलू लागलेले, असा मधुमेही रुग्ण समोर आला तर जाणते डॉक्टर पक्क्या रिपोर्टसाठी औषध थांबवत नाहीत.

आणि तरीही नुसत्या औषधानं भागत नाही. ही बुरशी रक्तवाहिनीतच शिरते. आत गुठळी होते, पुढचा भाग मरतो, काळा पडतो. औषध जाणार रक्तातून, आणि मेलेल्या भागात रक्तच नाही. म्हणून सर्जन तो भाग खरवडून काढतात, ताजं रक्त दिसेपर्यंत. सायनस, टाळू, कधी वरचा जबडा, कधी डोळा. एकदा करून भागेलच असं नाही; पुन्हा दुर्बीण, पुन्हा ऑपरेशनचं टेबल.

(दृश्य: ठिबकणारं औषध.)

अँफोटेरिसिन 1950च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ ते पकडतं. अडचण अशी, की आपल्या पेशीतलं कोलेस्टेरॉल त्याच नात्यातलं. साधं, स्वस्त अँफोटेरिसिन चढवताना हुडहुडी भरते, ताप येतो, किडनीला मार बसतो, पोटॅशियम ढासळतं. म्हणून आधी सलाईन चढवून शरीरात पाणी भरतात, नळी धुऊन मगच औषध लावतात, आणि किडनीचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वरचेवर बघतात. लायपोसोमल प्रकारात औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं असतं; किडनी बरीच वाचते, खिसा मात्र नाही.

2021मध्ये खिशात पैसे असूनही वायल मिळत नव्हती. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाईफ सायन्सेसनं अँफोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन 1200 रुपयांना देऊ केलं. तेव्हा बाजारात 7000चा भाव होता. त्या दिवसांत सगळी चर्चा इंजेक्शनभोवतीच फिरली. शुगर तपासायच्या दहा-पंधरा रुपयांच्या पट्टीबद्दल तितकं कुणी बोललं नाही, हे आम्हाला आजही खटकतं.

(दृश्य: दंतशल्य विभाग. साच्यातून निघालेली कृत्रिम टाळू.)

इंजेक्शनं संपली की पोसाकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळ्या. पहिल्या दिवशी 300 मिलिग्रॅम दोनदा, नंतर रोज एकदा, आणि त्या कित्येक महिने चालतात. टाळू काढलेल्या माणसाचं पाणी नाकातून बाहेर येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्या भोकात बसणारी ही कवळी दंतवैद्य बनवतात. जखम आकसत जाते तशी ती पुन्हा मापून घ्यावी लागते, रोज काढून धुवावी लागते. त्याच भेटीत दुर्बिणीनं आतली पोकळीही बघतात आणि शुगरची वही मागतात.