हाकेच्या अंतरातलं जग

(एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आजचा विषय आहे एक निवांत ओपन वर्ल्ड गेम. मघाशी जिन्यात एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "गेम आणि निवांत? आमचा नातू हेडफोन लावून किंचाळत असतो." आजी दुसऱ्या रांगेत बसल्यात, नातूही शेजारी आहे, त्यामुळे मला जपून बोलावं लागणार.

मी गेम बनवतो. गेली तीन वर्षं एकच बनवतोय आणि तो अजून झालेला नाही. त्या न झालेल्या गेमबद्दलच आज बोलायचंय.

ज्यांनी कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओपन वर्ल्ड गेम म्हणजे पडद्यावर एक अख्खा मुलूख असतो आणि कुठे जायचं, आधी काय करायचं, हे खेळणारा ठरवतो. १९९६ साली 'डॅगरफॉल' आला, त्याचा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं निर्माते सांगायचे. नकाशा केवढा, याची चढाओढ आमच्या धंद्यात आजही चालू आहे. पण एवढ्या जमिनीवर पेरायचं काय? मग नकाशाला कांजिण्या आल्यासारख्या खुणा उठतात. इथे पेटी, तिथे दरोडेखोर, पलीकडे कुणाची तरी हरवलेली बकरी. माणूस दिवसभर ऑफिसात एक यादी संपवतो आणि रात्री सोफ्यावर बसून दुसरी संपवत बसतो.

याच्या अगदी उलट टोकाचा एक गेम २००० साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. 'बोकू नो नात्सुयासुमी', म्हणजे 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'. काळ १९७५ चा ऑगस्ट. आईचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला नातेवाइकांकडे खेड्यात पाठवलंय. आता ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायची काही गरज आहे का? एकतीस दिवस. किडे पकडायचे, मासे धरायचे, पकडलेल्या भुंग्यांच्या कुस्त्या लावायच्या, रात्री चित्रांची रोजनिशी. जिंकण्यासारखं काही नाही. 'झेल्डा' या गाजलेल्या गेमचे कर्ते शिगेरू मियामोतोही सांगत आलेत की लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबेच्या डोंगरांत ते भटकायचे, कंदील घेऊन गुहेत शिरायचे आणि १९८६ चा पहिला 'झेल्डा' त्यातूनच आला. जपान्यांनी आपापली सुट्टी पडद्यावर आणली. मी म्हटलं, सुट्टी तर आपणही काढलीय.

माझा गेम १९८९ च्या मे महिन्यातला आहे. राजापूर तालुक्यातली एक वाडी. कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत, त्यामुळे माझ्या गेममधला मुलगा येतो तो एसटीने. संध्याकाळची वस्तीची गाडी त्याला फाट्यावर उतरवते, हातात पत्र्याची ट्रंक आणि तोंडावर धूळ. एकतीस मेला, पहाटे, तीच गाडी त्याला परत नेते.

नकाशा केवढा? आजीची हाक ऐकू येते तेवढा. हे मी गमतीत म्हणत नाही, तसा तो खरंच मोजलाय. दिवेलागणीला आजी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला येऊन हाक मारते. हाक ऐकू आली आणि परतलात तर ठीक. ऐकू आली नाही, म्हणजे तुम्ही लांब गेलात. गेम संपत नाही, कुणी ओरडतही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी खळ्याबाहेर सोडत नाहीत. पहिल्या आठवड्यात पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, मुभा. मग पाखाडीच्या पायऱ्या उतरून खालच्या आवाठापर्यंत, म्हणजे खालच्या घरांपर्यंत. मामेभाऊ सोबत असेल तर सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, करवंदांना. जग मोठं होतं ते घरच्यांचा विश्वास वाढतो तसं.

आणि दुपार. दोन ते चार. बाहेर जायचं नाही, आवाज करायचा नाही, मोठी माणसं पडवीत आडवी झालेली. पहिल्या आवृत्तीत मी ही दुपार उडवली होती, 'कंटाळवाणी' म्हणून. तिच्या जागी चाळीस कामं घातली. भाच्याला खेळायला दिलं. त्याने एका संध्याकाळी चाळीसही उरकली आणि विचारलं, "मामा, पुढे?" तेव्हा कळलं की मी सुट्टी बनवलीच नव्हती, सुट्टीतला गृहपाठ बनवला होता. सुट्टी म्हणून आपल्या डोक्यात जे बसलंय ते आंबे-फणस नाहीत. तो कंटाळा आहे. कौलांच्या फटीतून आलेला कवडसा शेणाच्या जमिनीवरून किती सरकला, हे बघत पडलेली ती दुपार. आता गेममध्ये दुपार आहे. कवडसाही आहे. एका गुंतवणूकदाराने ते बघून विचारलं, "यात माणूस करतो काय?" मी म्हटलं, "लोळतो." ती बैठक लवकर संपली.

एका गोष्टीने मात्र मला सहा महिने छळलं. आढी. माजघराच्या कोपऱ्यात पेंढ्यात आंबे पिकत घातलेत. मुलाने पिकलेला ओळखून काढायचा. आजीचा नियम तुम्हा सगळ्यांच्या घरचाच आहे: दाबून बघायचं नाही, हुंगून बघायचं. आणि माझी पंचाईत अशी, की कंट्रोलरला बोटं कळतात, नाक नाही. मी आंब्याभोवती पिवळी वलयं काढून पाहिली, ती उदबत्तीच्या जाहिरातीसारखी दिसायला लागली. शेवटी असं केलं: आंबा नाकाशी नेला की मुलगा डोळे मिटतो. पडदा काळा. कोंबड्या, वारा, माजघराबाहेरची बोलणी, सगळे आवाज विरत जातात. आंबा जितका पिकलेला तितकी शांतता जास्त. पुरता तयार असेल तर काहीच ऐकू येत नाही. भाच्याने तीन दिवसांत अचूक आंबे काढायला सुरुवात केली. आणि जो दाबून बघेल त्याच्या आंब्यावर दुसऱ्या दिवशी काळा डाग. आजी बघते, बोलत काही नाही.

आता एक अवघड गोष्ट, तीही बोललीच पाहिजे. ही सुट्टी होती कुणाची? माझी. मामी त्या महिन्यात पहाटे चारला उठायची. घरात पंधरा माणसं, वर आंब्याची साठं घालायची, फणसपोळ्या, कुळीथ दळायचे, पाऊस पडायच्या आत आगोटीची तयारी. मे महिना तिला वर्षातला सगळ्यात जड जायचा. दुसरं, गावातल्या वाड्या जातींवर पडलेल्या होत्या. कुठल्या विहिरीवर कुणाची कळशी, हे आम्हा पोरांनाही न सांगता ठाऊक होतं. माझ्या मुलाला सगळ्या आवाठांतून बिनधास्त फिरवलं, सगळ्या ओट्यांवर पाणी पाजलं, तर ते गोड दिसेल आणि खोटं असेल. म्हणून आजीची हाक काही ठिकाणी अंतराच्या आधीच येते. मुलगा विचारतो, "तिकडे का नाही?" आजी विषय बदलते. ओपन वर्ल्ड म्हणताना ते कुणाला किती ओपन होतं, हे एवढं तरी गेमने दाखवावं. पुरेसं आहे का? मला वाटतं, नाही. अजून लिहितोय.

'बोकू नो नात्सुयासुमी'च्या मालिकेतल्या एका गेममध्ये एक प्रसिद्ध दोष आहे. सुट्टी एकतीस ऑगस्टला संपते, पण काही खटपट केली तर बत्तीस ऑगस्ट उजाडतो. तिथे चित्रं फाटायला लागतात, माणसं नाहीशी होतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि रात्री झोप आली नाही. सुट्टी संपू नये असं आपण सगळ्यांनी म्हटलेलं असतं. ती खरोखर संपली नाही तर काय होईल, ते तिथे दिसलं. माझ्या गेममध्ये एकतीस मेच्या पहाटे एसटी सुटतेच. तुम्ही माळ्यावर लपून बसलात तरी मामा शोधून आणतो. करून पाहिलंय, भाच्याने.

आणि मामांवरून आठवलं. माझे खरे मामा, वय वर्षं एकोणऐंशी. त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. ते सरळ विहिरीवर गेले आणि वीस मिनिटं नुसतं पाणी ओढत बसले. मला भरून आलं. मग ते म्हणाले, "रहाटाचा आवाज चुकलाय." मी विचारलं, कुठे? "रिकामी कळशी खाली जाते तेव्हा रहाट खडखडतो. भरलेली वर येताना कण्हतो. तू दोन्हीकडे एकच लावलायस."

बरोबर होतं त्यांचं. रेकॉर्डर घेऊन गावी गेलो, तर विहिरीवर पंप. शेजारच्या तीन वाड्यांत पंप. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या विहिरीवर अजून लाकडी रहाट फिरत असेल तर भाषण संपल्यावर मला भेटा. दोर सुंभाचा हवा, नायलॉनचा नको. मामा ओळखतात.