गव्हाणीतलं शिसं

(वासरू दोरी चघळतंय. मग गोणपाट. मग फाटकाची कड.)

वासराला हात नाहीत. समोर आलेली वस्तू काय आहे, हे ते जिभेनेच तपासतं. त्यातून मोठी झालेली गायही फारशी चोखंदळ होत नाही. शेळी ओठांनी निवडून खाते. गाय जिभेचा विळखा घालून घास ओढते आणि जेमतेम चावून गिळते, नीट चावायचं काम नंतर रवंथाच्या वेळी. घासात खिळा असो, तार असो की शिशाचा तुकडा, तो आधी पोटात जातो.

गायीगुरांना होणाऱ्या जड धातूंच्या विषबाधेत शिसं सगळ्यात पुढे आहे. आणि ते आलं कुठून याचा माग काढत गेलं, की शोध बहुतेक वेळा एकाच वस्तूपाशी संपतो.

(टेबलावर उघडलेली बॅटरी. हातमोजे घातलेले हात एकेक पट्टी बाहेर काढतात.)

ही १२ व्होल्टची साधी बॅटरी. ट्रॅक्टरला असते, कारला असते, कुंपणात वीज सोडणाऱ्या यंत्रालाही असते. आत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात पट्ट्यांची जुडी. एक धन, एक ऋण, मध्ये पातळ पडदा. पट्टीचा सांगाडा म्हणजे शिशाची जाळी आणि जाळीच्या भोकांत थापलेला लगदा. तपकिरी लगदा शिशाच्या डायऑक्साइडचा, राखाडी लगदा सच्छिद्र शिशाचा. बॅटरी उतरते तसतसं दोन्हींचं शिशाचं सल्फेट होत जातं. कामातून गेलेल्या या बॅटरीतला लगदा बोटाने दाबला, की त्याचा कसा भुगा होतो ते पाहा. जाळीचा सलग तुकडा पोटात सावकाश विरघळतो. हा भुगा मात्र लवकर विरघळतो, कारण कण जितका बारीक तितकी त्याला आम्ल लागायला जागा जास्त.

कारच्या एका बॅटरीत साधारण ८ ते १० किलो शिसं असतं. विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात ते एकदम पोटात गेलं, तर वासराच्या वजनाच्या किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम जीव घ्यायला पुरतं. मोठ्या जनावराला ६०० ते ८००. म्हणजे ६० किलोच्या वासराला २४ ग्रॅम. काट्यावर ठेवलेला हा तुकडा २४ ग्रॅमचा आहे. दोन घनसेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. शिसं जड असल्यामुळे विषाची मात्रा अशी डोळ्यांत न भरणारी असते. आणि दूध पिणाऱ्या वासराला धोका याहून जास्त. मोठी गाय गिळलेल्या शिशातला शेकडा एक-दोन भागच रक्तात घेते, दुधावरच्या वासराच्या आतड्यातून त्याच्या कितीतरी पट शोषला जातो.

बॅटरी बदलली, जुनी फाटकाशी टेकवून ठेवली, नंतर नेऊ म्हणून राहून गेली. एवढ्यानेच सुरुवात होते. उन्हाने प्लास्टिकची पेटी तडकते, आम्ल झिरपून जातं, पावसाने उरलंसुरलं धुतलं जातं. आम्लाची झोंबणारी चव गेली की जनावराला दूर ठेवणारं काही उरत नाही. कडेवर साचलेली पांढुरकी पूड जिभेला लागते आणि जनावर पुन्हा पुन्हा तिथे येतं.

(चारा कापणारं यंत्र. फिरती पाती, मग मिश्रण यंत्राचा ड्रम.)

उंच गवतात दडलेली बॅटरी चारा कापणाऱ्या यंत्राने उचलली, तर प्रकरण एका वासरापुरतं राहत नाही. पाती पेटी फोडतात, पट्ट्यांचे नखाएवढे तुकडे करतात, आणि मिश्रण यंत्र आपलं काम चोख करतं. तुकडे सगळ्या खाद्यात कालवले जातात. मुरघासाच्या, म्हणजे दाबून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यात गेले तर ते तिथे महिनोन्‌महिने थांबतात. खड्डा उघडून त्या थरापर्यंत पोहोचेपर्यंत कुणालाच काही कळत नाही.

यंत्राच्या तोंडाशी लोखंड धरायला चुंबक बसवतात. गायीच्या जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, तार रुतू नये म्हणून तिला चुंबक गिळायलाही देतात. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण शिसं चुंबकाला चिकटत नाही. चुंबक आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं. खाद्यात काळ्या प्लास्टिकचे धारदार तुकडे दिसले, तर यंत्र तिथेच बंद करायचं, गव्हाणीतलं खाद्य उचलायचं आणि त्या खेपेतलं पुढचं काहीही जनावरापुढे टाकायचं नाही. तुकडे वेचून उरलेलं घालणं चूक आहे. भुगा वेचता येत नाही.

(शवविच्छेदनाचं टेबल. उघडलेलं पोट.)

चार कप्प्यांपैकी हे जाळीपोट, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं. जड वस्तू कोटीपोटातून, म्हणजे पहिल्या मोठ्या कप्प्यातून, घसरून इथे येऊन बसतात. यातला माल बादलीत काढायचा, पाणी घालून ढवळायचं, वरचं हलकं वैरणीचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी. तीन-चार वेळा असं धुतलं की तळाला करडे-काळे कण आणि वाळू उरते. दोन्ही एकमेकांत मिसळलेले, नुसत्या डोळ्यांना सारखेच. मोठासा कण सुरीच्या टोकाने खरवडला की फरक कळतो. वाळू कुरकुरते. शिसं मऊ लागतं आणि ओरखड्याखाली चकाकतं.

हे तुकडे आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही इथेच सापडतात. त्यांची झीज चालू असते. झिजलेले कण चौथ्या पोटात उतरतात, तिथल्या आम्लात विरघळतात आणि रक्तात जातात. बॅटरी कुरणातून उचलली म्हणून विषबाधा थांबली असं होत नाही, ते यामुळे.

शरीरात शिसं कॅल्शिअमची जागा घेतं. मज्जातंतूंचे निरोप बिघडतात, हाडांत कॅल्शिअमबरोबर शिसंही साठत जातं. रक्तातला तांबडा रंग तयार करणाऱ्या विकरांचं काम थांबतं. आणि मेंदूला सूज येते.

(वासरू भिंतीला कपाळ लावून उभं. पशुवैद्यक जवळ जातात.)

डोळ्यांसमोर हात नेला, पापणी मिटली नाही. आता टॉर्च. बाहुली आकसली. डोळा शाबूत आहे, बिघाड मेंदूच्या वरच्या थरात आहे. कान आणि पापण्या थरथरतात ते जवळून पाहा. दात खाण्याचा आवाज ऐकू येतोय. डाव्या कुशीला ऐकायची नळी लावली तर कोटीपोट गप्प आहे. ही गप्प कुशी महत्त्वाची आहे, कारण बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही जनावर असंच आंधळं होऊन भिंतीला टेकतं, पण तेव्हा पोट सहसा चालू असतं. शिशात आधी शेण अडतं, मग घाण वासाची हगवण लागते.

एक गोष्ट मात्र पशुवैद्यक येण्याआधीच पाळायची. तोंडाला फेस, हंबरडे, झटके हे सगळं रेबीजमध्येही दिसतं. घशात काही अडकलंय का पाहायला तोंडात हात घालू नये.

(रक्ताची नळी, जांभळं बूच.)

रक्तात पोचलेल्या शिशातला ९० टक्क्यांहून जास्त भाग तांबड्या पेशींना चिकटलेला असतो. म्हणून सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, पाठवून काही कळत नाही. अख्खं रक्त लागतं, न गोठलेलं, ईडीटीए किंवा हेपारिन या गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या नळीत. नळी भरल्यावर हलक्या हाताने उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. लक्षणं आहेत आणि लिटरमागे ०.३५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, तर निदान पक्कं. जनावर दगावलं असेल तर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर पाठवावा. तिथे किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे विषबाधा.

(सलाईन. थेंब थेंब पडणारं औषध.)

हे कॅल्शिअम डायसोडिअम ईडीटीए. शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध. वजनाच्या किलोमागे दिवसाला ११० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, शिरेतून सावकाश, तीन दिवस. मग दोन दिवस थांबून पुन्हा. नावातला कॅल्शिअम हा शब्द बाटलीवर तपासूनच घ्यायचा. कॅल्शिअम नसलेलं डायसोडिअम ईडीटीए रक्तातलं कॅल्शिअम ओढून घेतं आणि जनावर उपचारानेच कोसळतं. मूत्रपिंड थकलेलं असेल, अंगात पाणी कमी असेल, तर आधी ते सावरावं लागतं. सोबत बी-१ ची इंजेक्शनं, किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम. तोंडावाटे मॅग्नेशिअम सल्फेट दिलं जातं, त्याने पोटातल्या विरघळलेल्या शिशाचं फार कमी विरघळणारं सल्फेट होतं आणि जुलाबावाटे बरंचसं निघून जातं.

पण जाळीपोटातला साठा तसाच राहिला, तर रक्त साफ झालं की पुन्हा भरतं. म्हणून कधी कुशीतून पोट उघडून हात घालावा लागतो. पट्ट्यांचे तुकडे हाताला लागतात, कप्प्यांच्या कोपऱ्यांत बसलेला भुगा पूर्ण निघत नाही. झटके सुरू झालेली जनावरं बहुतेक वाचत नाहीत.

(मेंढ्यांचा कळप. एका मेंढीची खालची पापणी उलटून दाखवली, आतून पिवळी.)

शिशासारखाच धोका तांब्याचाही, फक्त तो मेंढीला सगळ्यात जास्त. गायीला तांबं लागतं, म्हणून गायीच्या क्षारमिश्रणात ते घातलेलं असतं. मेंढीचं यकृत जादा तांबं पित्तावाटे नीट बाहेर टाकू शकत नाही, साठवत राहतं. खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या पुढे तांबं आणि त्याला आवर घालणारं मॉलिब्डेनम कमी, एवढं पुरतं. महिनोन्‌महिने मेंढी धडधाकट दिसते. मग प्रवास, थंडी, उपास, असं काही निमित्त होतं आणि यकृत साठवलेलं तांबं एकदम रक्तात सोडतं. तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, डोळे पिवळे पडतात. टेबलावर ठेवलेलं हे निळसर काळं मूत्रपिंड अशाच मेंढीचं. गायीचं क्षारमिश्रण मेंढीला घालायचं नाही, हे पोत्यावर ठळक छापलेलं असावं. कॅडमिअमही असंच वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साठत जातं, ते वरून ओळखू येत नाही.

(पुन्हा कुरण. प्लास्टिकच्या डब्यात बॅटरी उचलली जाते.)

बॅटरी होती ती जागा आधी कुंपण घालून बंद करायची. हातमोजे घालून तुकडे वेचायचे, प्लास्टिक, पट्ट्या, पांढरी पूड सगळंच. शिसं मातीत खोल उतरत नाही, वरच्या थरातच राहतं, म्हणून तेवढी माती खरवडून गोण्यांत भरायची आणि घातक कचरा म्हणून सोपवायची. शेकोटीच्या जागाही तपासा. जुन्या रंगाचं लाकूड जळलं की शिसं राखेत राहतं, आणि राख जनावरं आवडीने चाटतात. जुन्या फाटकाचा रंग गोठ्यात खरवडू नये, पडणारी पूड वैरणीत जाते.

कळपातली बरी दिसणारी जनावरं सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतात. एकाला झटके आले म्हणजे बाकीच्यांनीही तेच खाल्लेलं असू शकतं. म्हणून तिथे चरलेल्या, त्या गव्हाणीवर खाल्लेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं. ज्यांच्या रक्तात शिसं आहे त्यांचं दूध आणि मांस ते उतरेपर्यंत कुणाच्या ताटात जाऊ द्यायचं नाही, आणि उतरायला महिने लागतात. गाय व्यायला आली, दूध देऊ लागली, की हाडांतून कॅल्शिअम निघतं आणि त्याच्याबरोबर शिसंही, म्हणून वेतानंतर तपासणी पुन्हा करायची.

(गोठ्यामागचा शेणाचा ढीग.)

गिळलेल्या शिशातलं बहुतेक शेणावाटेच बाहेर पडतं. विषबाधेच्या काळातलं शेण वेगळं ठेवायचं, त्यावर ताडपत्री टाकायची, आणि त्याची तपासणी होईपर्यंत त्यातली एकही पाटी चाऱ्याच्या रानात जाऊ द्यायची नाही.