नारिंगी सदरा आणि दहा शिलिंग

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर संपत आला की टोरांटोतल्या मराठी घरांतही नारिंगी टी-शर्टची शोधाशोध सुरू होते, कारण ३० तारखेच्या सुमारास मुलांनी तो घालून यावा, अशी शाळेची चिठ्ठी आलेली असते. पहिल्या वर्षी हा स्नेहसंमेलनासारखा काही प्रकार असावा, असे मला वाटले होते. त्या सदऱ्यामागची गोष्ट मात्र वेगळीच निघाली.

१९७३ साली ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी दाखल झाली, तेव्हा आजीने घेऊन दिलेला, पुढे नाडी ओवलेला चकचकीत नारिंगी सदरा तिच्या अंगावर होता. तो पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला आणि तिला पुन्हा कधीच मिळाला नाही. सरकारच्या पैशावर आणि बहुतांशी चर्चच्या हाताने चाललेल्या अशा शाळांमध्ये मूलनिवासींची सुमारे दीड लाख मुले घातली गेली. मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि हजारो मुले घरी परतलीच नाहीत.

या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने केली, त्यांत हा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकवावा, हेही होते. म्हणजे ज्या शाळेने घाव घातला, तिच्याकडेच मलमपट्टीचे काम आले. 'समेट' हा शब्द मला मात्र खटकतो. बांधावरून दोघे भांडतात, चार जण मध्ये पडतात आणि समेट होतो. सहा वर्षांची मुलगी कोणाशी भांडली होती?

माझ्या मुलीच्या शाळेत रोज सकाळी ही भूमी कोणाची, हे ध्वनिक्षेपकावरून वाचले जाते, आणि बरेचदा ते हजेरीसारखे उरकले जाते. एका वर्षी वर्गशिक्षिकांनी मुलांकडून अनिशिनाबे, हॉडेनोशोनी, वेंडाट ही मूलनिवासी समाजांची नावे नीट उच्चारून घेतली. स्वतःच्या नावाचे रोज तुकडे होताना ऐकणाऱ्या आमच्या मुलीला त्यातले मर्म लगेच कळले.

"आपण तर नंतर आलो, आपला काय संबंध?" असे आपल्या मंडळींत हमखास म्हटले जाते. टोरांटोची जमीन १८०५ च्या करारात मिसिसॉगा या मूलनिवासी लोकांकडून दहा शिलिंगांना घेतल्याची नोंद आहे, आणि त्याची भरपाई म्हणून सुमारे साडेचौदा कोटी डॉलर ठरायला २०१० साल उजाडले. हे शिकून आलेल्या मुलीने जेवताना विचारले, "आई, दहा शिलिंग म्हणजे किती?" मी हिशेब जुळवत होते, तोच तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि आपले घर कितीला पडले?"